मुक्काम नागाव खुर्द

मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता, "दोनशे वर्षं एका आवारात काढायची तयारी हाय का?"

मी म्हटलं, "बदली होईपर्यंत राहीन."

"हां," ते म्हणाले, आणि चेहरा असा केला की भाडेकरू म्हणून नव्हे, माणूस म्हणूनच मी कमी पडले. मग मागच्या खोलीची चावी हातावर ठेवत म्हणाले, "आंघोळीला दोन बादल्या. ते पाणी पोफळीला जातं. साबण बेतानं लावा, पोफळीला सोसत न्हाय."

मी सोलापूरकडची. आमच्याकडे पाणी नसतं म्हणून लोक ते जपून वापरतात. इथे तर दारातच तुडुंब भरलेली विहीर! मी तसं बोलून दाखवलं. माझी जीभ कधी गप्प बसलेली नाही. त्यावर घरमालकांनी, म्हणजे आमच्या काकांनी, बोट वर केलं. "इथं हाय हो. तिथं न्हाय ना." पुढचा आठवडाभर मी समजत होते की वरच्या टाकीत काहीतरी बिघाड आहे.

बिघाड टाकीत नव्हता. काकांच्या मते माणूस ही पृथ्वीवर तात्पुरती उतरलेली जात होती. आणखी वीस हजार वर्षांनी माणसं शेकडो ताऱ्यांच्या आसपास वस्ती करून असतील, लेकीसुना या ग्रहावरून त्या ग्रहावर जातील, सणासुदीला येणंजाणं होईल. हे सगळं ते अगदी सहज सांगत. यंदा आंब्याला मोहर उशिरा आलाय असं कुणी सांगावं, तसं. त्यात 'कदाचित' नव्हतं, 'झालंच तर' नव्हतं. मी अलिबागच्या बँकेतून दमून भागून यायची, स्कूटर लावायची, आणि ओट्यावरून हाक यायची, "मॅडम, ज्या ग्रहाला दोन चंद्र हायत, तिथं एकादशी कुठल्या चंद्राची धरायची?"

"ज्याची तिथी उपासाला सोयीची पडेल त्याची," मी म्हणायचे.

हे त्यांना पटायचं नाही. दोन दोन दिवस ते त्याच्यावर विचार करत बसायचे. तिसऱ्या दिवशी मी स्कूटर काढताना काका सांगायचे, "मोठ्या चंद्राची एकादशी. बारक्याची नुसती संकष्टी."

वस्तीचं नाव तर त्यांनी आधीच ठरवलं होतं. गाव वाढलं, काही घरं उठून पलीकडे गेली, की जुनं ते बुद्रुक आणि नवं ते खुर्द. आपल्याकडे हीच रीत. म्हणून इथून निघालेली माणसं ज्या पहिल्या ग्रहावर उतरतील, त्याचं नाव नागाव खुर्द. "आणि हे नागाव?" मी विचारलं. "हे बुद्रुक. हे कुठं जातंय? हे हायच."

काकांची नारळ-पोफळीची वाडी होती आणि वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या होत्या. नागावात आता घर तिथे होमस्टे. समुद्रावर त्या फुगवलेल्या केळ्यावर बसून किंचाळायचं आणि संध्याकाळी माशांवर ताव मारायचा, यासाठी मुंबई-पुण्याची माणसं शनिवारी धाड घालतात. इतर घरमालक त्यांना हवं-नको विचारायचे. आमचे काका त्यांना कामं लावायचे. कारण उघड होतं. दोनशे वर्षांच्या प्रवासाला निघालेल्या जहाजात पाहुणा नावाचा प्राणी परवडणार नाही. तिथे सगळेच घरचे. तेव्हा सवय आत्तापासून हवी.

एकदा पुण्याच्या एका कंपनीची माणसं उतरली. त्यांच्या साहेबांना काकांनी सकाळी सकाळी झावळ्या ओढायला सांगितल्या. साहेब म्हणाले, "अहो, आम्ही इथे आराम करायला आलोय."

"करा की. पण मग दुसऱ्या पिढीत तुमची पोरं बसून खाणारी निघतील, आणि बाकीचे त्यांना जहाजाबाहेर काढतील. बाहेर हवा न्हाय, साहेब."

साहेब मुकाट्यानं उठले आणि त्यांनी झावळ्या ओढल्या. गंमत म्हणजे पुढच्या वर्षी तेच साहेब बायकोमुलांना घेऊन पुन्हा आले आणि गाडीतून उतरल्या उतरल्या विचारलं, "काका, आज माझ्याकडे काय?" कितीतरी माणसं मात्र परत फिरकली नाहीत. पाहुणे टिकावेत यातच काकूंचा सगळा जीव अडकलेला असायचा. काकू म्हणजे स्वयंपाकघरातून सगळी वाडी चालवणारी बाई. त्या पाहुण्यांना हळूच जास्तीची सुरमई वाढायच्या आणि म्हणायच्या, "त्यांचं मनावर घेऊ नका. आमचं अर्धं घर वर हाय."

काकांचा मुख्य सिद्धांत नारळाचा होता. त्यांच्या वाडीतून काहीच बाहेर फेकलं जायचं नाही. झावळीचं छप्पर, हिराची केरसुणी, सोडणाचा काथ्या, करवंटी चुलीत, राख भांड्यांना, भांड्यांचं पाणी पुन्हा माडाला. "बघा," ते वाडीच्या मधोमध उभे राहून हात फिरवायचे, "ह्याला फक्त खालनं बूड बसवायचं आणि वरनं झाकण. झालं जहाज. बाकीचं शास्त्रज्ञांनी बघावं." पहिल्या जहाजात नारळ जाणार हे पक्कं होतं. माणसं किती जाणार ते नारळ किती जातात त्यावर ठरणार होतं.

संध्याकाळी ओट्यावर इस्माईलभाई यायचे. शेजारचेच. अर्धं आयुष्य आखातात काढून परत आलेले, आता अलिबागला टायरचं दुकान. आमच्यात खरा प्रवास केलेला माणूस तो एकच. त्यामुळे काका त्यांना फार मान द्यायचे. एकदा काकांनी गंभीरपणे विचारलं, "इस्माईलभाई, तुमची मोठीच पंचाईत हाय. नागाव खुर्दात नमाजला तोंड कुठं करायचं?"

इस्माईलभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "काका, तुम्ही आमचीपण सोय बघताय?"

"बघायला नको? तुम्ही काय इथंच राहणार?"

इस्माईलभाई हसले आणि मग खरंच विचार करून बोलले. "नीयत महत्त्वाची. परदेशात माणूस काय करतो? जिथनं निघालो तिकडं तोंड करायचं आणि बसायचं. आम्ही तिथं रूमवर चहा प्यायलोय ना, तोपण नागावकडं तोंड करून. खिडकी दुसरीकडं होती तरी."

काकांना हे इतकं आवडलं की त्यांनी तो नियमच करून टाकला. नागाव खुर्दात प्रत्येक ओटा बुद्रुककडे तोंड करून बांधायचा.

आता एवढा प्रवास डोक्यात असलेला माणूस स्वतः कुठे गेला असेल? तर पेण. फार तर पनवेल. मांडव्याहून बोटीत बसलं की तासाभरात मुंबई येते, पण काकांना बोट लागायची. लागायची म्हणजे कशी? धक्क्यावर डिझेलचा वास आला की तोंड पांढरंफटक. मुंबईला जायची वेळ आली तर ते वडखळवरून एसटीनं जायचे, हाडं खिळखिळी करून घ्यायचे. "काका, ताऱ्यांवर कसे जाणार हो?" मी डिवचायची.

"तिथं लाटा नसतात," ते म्हणायचे. तोंडाला तोंड देण्यात काका कमी नव्हते.

एका पावसाळ्यात पाहुणे नसताना त्यांनी प्रवासाची रंगीत तालीम काढली. आठवडाभर वाडीचं फाटक बंद. कुणी बाहेर जायचं नाही, बाहेरून काही आणायचं नाही. मला नोकरीपुरती सवलत मिळाली. मी म्हणे जहाजाची 'बाहेरची दुरुस्ती' बघायला जात होते. पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी चहापूड संपली. काकांनी गवती चहा उकळला आणि "हाच खरा" असं सांगत तोंड वेडंवाकडं करत प्यायले. तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून मासळीवाली ओरडली, "काकू, ताजी कोळंबी हाय गो!" काका आडवे आले. "आपण आत्ता तिसऱ्या ताऱ्याच्या पुढं हाय. इथं कोळंबी कुठली?"

काकू आत गेल्या, लुगडं बदलून पिशवी घेऊन बाहेर आल्या. "मी उतरते."

"वाटेत उतरता येत न्हाय!"

"मग थांबवू नका. चालत्या गाडीतनं उतरते." आणि फाटक उघडून त्या सरळ चौलला भावाकडे निघून गेल्या. जाताना कोळंबीही घेऊन गेल्या. मानवजातीचा प्रवास त्या दिवशी दुपारीच संपला. काका फाटकाशी उभे राहून मला म्हणाले, "बायकांचं मत आधी घ्यायला पाहिजे होतं." वीस हजार वर्षांच्या योजनेतली ही एकच दुरुस्ती मी त्यांच्या तोंडून ऐकली.

आणि मग वैजूचं निघालं.

वैजू त्यांची एकुलती एक मुलगी. रत्नागिरीला मासळीचं शास्त्र शिकून आलेली, बापाची बुद्धी आणि आईचा ठसका घेतलेली. तिला नॉर्वेला, अगदी उत्तरेच्या टोकाला, माशांच्या रोगांवर पुढचं शिकायला बोलावणं आलं. शिष्यवृत्तीसकट. दोन वर्षांसाठी. ती नाचत घरात आली आणि काका एका शब्दात म्हणाले, "न्हाय."

मला वाटलं थट्टा करतायत. पण नाही, माणूस खरंच अडून बसला. दोनशे वर्षांच्या खाली ज्याचा हिशेब नव्हता, त्याला दोन वर्षं फार वाटायला लागली. "तिथं हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवत न्हाय, म्हायत हाय का? सूर्य नसलेल्या ठिकाणी माणसानं राहायचं?" अहो, याच माणसानं मला सूर्य नसलेल्या ग्रहावर भात कसा करायचा हे सांगत एक अख्खा रविवार खाल्ला होता! "आणि एकटीच? आपल्यातला न्हावी न्हाय, माडावर चढायला पाडेकरी न्हाय, कोण न्हाय. वस्ती अशी जाते काय?" मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस ओट्यावर बसले नाही. पोरगी सुकून चालली होती. होकार कळवायची मुदत जवळ येत होती, आणि काकूंना लेकीचंही कळत होतं आणि नवऱ्याचंही.

शेवटी एका संध्याकाळी वैजूनंच तो विषय काढला. इस्माईलभाई होते, मीही राग सोडून बसले होते. ती अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमच्या जहाजात आपल्या घरातलं कोण जाणार?"

काका खुलले. कुणीतरी आपणहून विचारतंय! "एक माणूस तरी पाहिजेच. न्हायतर नाव कोण ठेवणार? चौलवाले पुढं होतील आणि चौल खुर्द करून मोकळे होतील."

"तुम्ही जाणार?"

"मला बोट लागते."

"आई?"

आतून काकू म्हणाल्या, "मी मागंच उतरलेय."

"मग राहिलं कोण?" वैजू म्हणाली.

काकांच्या हातात अडकित्ता होता. सुपारी अर्धी कापून तशीच राहिली. इतकी वर्षं त्यांनी न्हाव्यापासून नारळापर्यंत सगळ्यांची सोय लावली होती, पण आपल्या घरातलं जाणारं माणूस म्हणजे वैजूच, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. ते म्हणाले, "पण ते वीस हजार वर्षांनी, गो."

इस्माईलभाई हळू आवाजात बोलले. "काका, वीस हजार वर्षांनीपण कुणाची तरी पोरगीच जाणार ना. तिचा बापपण असाच ओट्यावर बसणार."

काका उठून वाडीत गेले. माडांमधून फेऱ्या मारताना आम्हांला दिसत होते. परत आले ते एक अट घेऊन. नारळी पौर्णिमेआधी निघायचं नाही. दर्याला नारळ दिल्याशिवाय आमच्या किनाऱ्यावर कुणी होडी लोटत नाही, मग लेक कशी लोटायची? तिकडचे वर्ग तर त्याआधीच सुरू होणार होते. वैजूनं डोकं लढवलं आणि सरळ खरं कारण लिहून आठवडाभर उशिरा यायची परवानगी मागितली. दुसऱ्याच दिवशी होकार आला. काका चकितच झाले. म्हणाले, "बघ, दर्यावरची माणसं हायत ती. त्यांना कळलं." मला वाटतं तिथल्या लोकांवर त्यांचा विश्वास बसला तो त्या दिवशी.

निघायच्या दिवशी वडखळला रस्ता तुंबलेला. एसटीनं गेलं तर विमान चुकणार. काका भाड्याच्या गाडीत बसले आणि म्हणाले, "मांडवा." गाड्यांसकट नेणाऱ्या रो-रो बोटीत ते डोळे मिटून, लिंबू नाकाशी धरून, काकूंच्या खांद्याला टेकून बसले. थोड्या वेळानं त्यांनी क्षीण आवाजात मला विचारलं, "किती राहिलं, मॅडम?"

"काका, बोट अजून सुटलेली नाही."

सुटल्यावर काय झालं ते मी सांगत नाही. पिशव्या मी पुरेशा नेल्या होत्या.

विमानतळावर पोचेपर्यंत माणसात थोडी धुगधुगी आली. वैजूची बॅग ढकलगाडीवर चढली, आणि काकांनी आपल्या पिशवीतून दोन नारळ काढले. एक सोडणासकट, तिच्या बॅगेत टाकायला, नागाव खुर्दासाठी. दुसरा वाढवायला. आणि त्यांनी तो मोठ्या दरवाजाच्या पायरीवर आपटायला हात वर केला. बंदूकवाला जवान धावतच आला. "अंकल, अंकल! ये क्या कर रहे हो?"

"पोरगी निघालीय. नारळ नको वाढवायला?"

"यहाँ फोड़ना मना है. और बॅग में भी मत डालना, नारियल निकाल देते हैं."

काकांनी हात खाली घेतला. बोटीनं जे केलं नव्हतं ते या एका वाक्यानं केलं. त्यांचा चेहराच उतरला. "विमानात नारळ चालत न्हाय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, वैजूकडे बघितलं, मग त्या जवानालाच अगदी मनापासून विचारलं, "मग माणूस जाणार कसा?"

"टिकट से, अंकल," जवान म्हणाला.

मला हसू फुटलं. जवानानं काकांचा चेहरा पाहिला असावा. तो जरा जवळ आला. "मैं केरला से हूँ, अंकल. माँ ने दिया हुआ मेरा भी दो बार निकाल लिया." मग रस्त्यापलीकडे, टॅक्सी थांबतात तिथल्या कठड्याकडे हनुवटीनं दाखवून तो दुसरीकडे बघायला लागला.

काकांनी त्या कठड्यावर नारळ वाढवला. एका घावात दोन भकलं. वैजू करवंटीतलं पाणी प्यायली. काकूंनी बटव्यातला अडकित्ता काढून खोबरं सोडवलं. मग काका तो तुकडा हातात घेऊन पुन्हा जवानाकडे गेले. "पोटातलं काढून घेत न्हाईत ना?"

"नहीं अंकल."

"मग खा गो," ते वैजूला म्हणाले. "सगळं खा. असंच ने."

ती पोरगी विमानतळाच्या दारात उभी राहून रडत रडत खोबरं चावत होती, आणि काका "सावकाश, सावकाश" म्हणत होते. एक तुकडा जवानानंही खिशात टाकला. मग ती आत गेली. काचेतून हात दिसला, मग तोही दिसेनासा झाला.

परतीच्या बोटीत काकांना बोट लागली नाही. उरलेला नारळ मांडीवर घेऊन ते नुसते बसून होते. मांडवा आलं तेव्हा मीच त्यांना उठवलं. बोट कधी सुटली आणि कधी लागली, त्यांना पत्ताच नव्हता.

तो नारळ त्यांनी वाडीत लावला. पाहुण्यांना कामं लावणं बंद झालं, एकादशीचा विषय बंद झाला, मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. फोनवर वैजू बरी असायची. मग हिवाळा आला. एका दुपारी फोनमध्ये तिच्या खिडकीबाहेर मिट्ट काळोख दिसत होता, आणि ती आधी हसत सांगत होती की आज इतके दिवस झाले सूर्य बघून, आणि बोलता बोलता तिचा आवाज फुटला. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, आता काका म्हणणार, ये परत.

काकांनी फोन हातात घेतला. "वैजू, रडू नको. ऐक. ह्याचा विचार मी केलेला हाय. इस्माईलभाईचा नियम. खुर्ची घे, आमच्याकडं तोंड करून ठेव, आणि चहा घेऊन बस. मी पण इकडनं तसाच बसतो. रोज."

"कुठल्या दिशेला, बाबा?" तिनं नाक पुसत विचारलं.

मी मोबाइलवर दिशा काढून दिल्या. तिची आग्नेयेला. आमची उत्तरेला, जरा वायव्येकडे सरकून. काकांची खुर्ची जन्मभर पश्चिमेला, समुद्राकडे असायची. ती त्यांनी तेवढी फिरवली. आता समोर बरोबर पाहुण्यांच्या बाथरूमची भिंत येत होती.

रोज दुपारी चहाचा कप घेऊन माणूस बाथरूमकडे टक लावून बसलेला! पाहुण्यांनी तक्रारी केल्या. एका बाईंनी तर इंटरनेटवर लिहिलं की जेवण उत्तम, पण मालकांची नजर बरी नाही. काकू वाचून संतापल्या, मी खुर्ची हातभर सरकवायला सुचवलं. काका ऐकेनात. "हातभर सरकलं तर तिथं पोचेपर्यंत केवढा फरक पडेल, कळतं का तुला?" तोपर्यंत मी 'मॅडम'ची 'तू' झाले होते.

माझी बदली झाली. चावी द्यायला गेले तो दुपारचा चहाच चालला होता. आता खुर्च्या दोन होत्या, काकूंचीही शेजारी आली होती. दोघं भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी चावी काकूंच्या हातात दिली, पाया पडले. तेवढ्यात बाथरूमचं दार उघडलं आणि खांद्यावर टॉवेल टाकलेला एक गलेलठ्ठ पाहुणा बाहेर येऊन त्यांच्या समोरच उभा राहिला. थोडा चिडलेलाच होता.

"काका, रोज बघतोय. तुम्ही इथे नक्की काय बघत बसता हो?"

काकांनी कप खाली ठेवला आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "जरा बाजूला व्हा, साहेब. पोरगी दिसत न्हाय."